सुक्या हाताची कार्मेलबाय

कार्मेलबायला मी कामावर ठेवलं, असं आमच्या गावात अजून सांगतात. मी ते खोडून काढत नाही, कारण त्यात मोठेपणा माझ्याकडे येतो. खरं सांगायचं तर मी जागा घेतली आणि कार्मेलबाय जागेबरोबर आली. जुन्या घराबरोबर त्या घरचं मांजर येतं, तशी.

जागा म्हणजे तिची पिठाची गिरण. आचऱ्याच्या रस्त्याला, चर्चच्या वळणावर, मंगलोरी कौलांची एक लांबट खोली. नवरा पास्कू वारला तेव्हा कार्मेलबाय पस्तिशीची होती. दीर म्हणाले, गिरण विकून टाक. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीवर पट्टा चढवला आणि पुढे एकतीस वर्षं गिरण एकटीने चालवली. मग घरोघरी घरघंट्या आल्या, दुकानांत पिठाच्या पिशव्या आल्या आणि एक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत एकही डबा आला नाही. गिरण बंद झाली. दोन वर्षं खोलीला कुलूप होतं. मग मी ती भाड्याने घेतली, टी-शर्टवर छपाई करायचं मशीन बसवायला.

मशीन टेम्पोतून उतरवत होतो त्या दिवशी ती आली. बुटकी, रुंद हाडाची, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, चष्म्याला नाडी बांधलेली. खिडकीखाली तिचं लाकडी स्टूल तसंच होतं. त्यावर बसली आणि मला विचारलं, "तू वसंत मास्तराचो झील ना?"

म्हटलं, "हो."

"मगे बरा. तुझ्या आवशीन माझ्याकडे पयला दळण घातल्यान तेव्हा तू पोटात होतंस. काम चालू दे तुझा. मी हंयच आसंय."

आणि ती खरोखरच तिथेच असायची. पहिले दोन महिने मला वाटलं, म्हातारीला जागेची माया आहे, कंटाळेल आणि जाईल. पण ती हळूच टी-शर्टच्या घड्या घालायला लागली. घडी अशी घालायची की गिऱ्हाईक उलगडायला कचरत असे. मग ती केर काढायला लागली, आणि तिने केर काढलेल्या जागेवर मला चप्पल घालून यायची बंदी झाली. महिन्याअखेरीला मी तिला पगार द्यायला लागलो तेव्हा तिने तो न बोलता घेतला, म्हणजे तो आधीच ठरलेला होता आणि द्यायला मलाच उशीर झाला होता.

तिच्या सवयी गिरणीतल्याच राहिल्या होत्या. बोलता बोलता ती ओठ पुढे काढून वर फुंकर मारायची आणि भुवया झटकायची. एकतीस वर्षं भुवयांवर पीठ बसत होतं, ते आता बसत नव्हतं, पण फुंकर चालूच. दुसरी सवय अशी की काहीही भुरभुरीत दिसलं, साखर, मीठ, सिमेंट, वाळू, काहीही, की चिमूट उचलायची, कानाजवळ न्यायची आणि अंगठा-तर्जनीत चोळून ऐकायची. सुकं असलं की बोलतं, ओलं असलं की मुकं, असं तिचं म्हणणं. एकदा बँकेच्या माणसाच्या डब्यातलं पिठलं बघून तिने त्याला सांगितलं की बेसन जुनं आहे. तो दुखावला. पण बेसन जुनंच होतं, त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून कबूल केलं.

पीठ हा तिच्यापुढे काढायचा विषय नव्हे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. काढला की तास जायचा. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पीठ दळणाऱ्याचा नसता रे, हवेचा असता." मला ते तेव्हा म्हातारीचं तत्त्वज्ञान वाटायचं. आमच्या मशीनचं अख्खं दुखणं त्या एका वाक्यात आहे हे कळायला मला एक पूर्ण पावसाळा आणि बरीचशी अब्रू खर्च करावी लागली.

मशीनची गोष्ट थोडी सांगायला हवी. चित्र थेट कापडावर छापत नाहीत. आधी प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात. शाई ओली असतानाच ती फिल्म पुढच्या पेटीत जाते. त्या पेटीला आम्ही शेकर म्हणतो. तिथे वरून पांढरी, बारीक गोंदाची पावडर पडते. जिथे शाई आहे तिथे ती चिकटते. बाकीची पेटी हलवून झटकून टाकते, आणि झटकलेली पावडर नळीतून परत टाकीत जाते. चिकटलेली पावडर पुढे तापून वितळते. मग फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम दाबायची, की चित्र कापडाचं झालं. यात शाईचं कौतुक सगळे करतात, पण सगळा खेळ पावडरीचा. पावडर मोकळी, सुकी, एकसारखी पडली तर अक्षरं कोरल्यासारखी येतात. ती दमट झाली तर गोळे होतात, नको तिथे चिकटते, आणि अक्षराभोवती पांढरे ठिपके उठतात. ताक सांडून वाळल्यासारखे.

कार्मेलबायने पहिल्याच आठवड्यात पेटीला आपली नावं देऊन टाकली होती. पावडरीची टाकी म्हणजे तोंड, परतीची नळी म्हणजे घसा, तापायची जागा म्हणजे चूल. "तुझ्या मशीनाचो घसो बसलो हा," ती स्टुलावरूनच सांगायची. मी उघडून बघायचो, तर नळी खरंच अर्धी चोंदलेली.

एप्रिल-मे झकास गेले. जूनमध्ये मशीन रडायला लागलं. मिठबावच्या एका मंडळाचे साठ टी-शर्ट ठिपक्यांसकट परत आले. कोल्हापूरहून कंपनीचा मेकॅनिक पाटील आंबोली उतरून आला. सज्जन माणूस. त्याने पेटी उघडली, पुसली, काही स्क्रू आवळले, मशीन दुपारभर छान चाललं, आणि तो गेल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा ठिपके.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. आपल्याकडे पावसात मिठाला पाणी सुटू नये म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. मी पावडरीच्या टाकीत मूठभर तांदूळ टाकला. कुणाला सांगितलं नाही, कारण शोध आपला असला की तो आधी सिद्ध झालेला बरा. तासाभरात पेटी कटकट वाजायला लागली. मसुऱ्याच्या भजनी मंडळाच्या पंचवीस टी-शर्टांपैकी अकरांवर छातीच्या मधोमध एकेक दाणा दाबून बसला, कायमचा. कार्मेलबायने त्यातला एक शर्ट उचलला, दाण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सोनामसुरी."

मग माझ्याकडे बघितलं. "शिरा पडो तुझ्या तोंडार मेल्या! मिठातलो तांदूळ जेवताना बाजूक काढूक गावता. हंय कोण काढतलो? तुझो बापूस?"

हसता हसता तिला ठसका लागला. शीतल, म्हणजे आमची कॉम्प्युटरवाली, मसुऱ्याचीच, तिला तर हसायचीही चोरी, कारण भजनी मंडळात तिचे सासरे पखवाज वाजवतात.

पाटील तीनदा आला. तिसऱ्या वेळी त्याने हात पुसत मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साहेब, स्पष्ट सांगतो. ही किनाऱ्याची हवा. बंद खोली, एसी, हवा सुकवायचं यंत्र, एवढं करणार असाल तर ठीक. नाहीतर हे मशीन घाटावर चालायचं. तिकडे एकजण घ्यायला तयार आहे."

बंद खोली आणि एसी माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी होकार दिला. नारळी पौर्णिमा झाली की टेम्पो येईल आणि मशीन घेऊन जाईल असं ठरलं. मधे वीस दिवस होते. त्या रात्री मला झोप लागली, इतका मी त्या मशीनला कंटाळलो होतो.

दुसऱ्या दिवशी कार्मेलबायला सांगितलं. ती घडी घालत होती. अर्धी घातलेली घडी तिने तशीच मांडीवर ठेवली.

"विकलंस?"

"विकतोय. काय करणार बाय, पावसाने वैताग आणला."

"आणि मी?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "तुझी जागा तुला परत. भाडं मी..."

"भाड्याची गजाल कोण करता हा?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की शीतल आतून बाहेर आली. "गिरण बंद झाली तेव्हा दोन वर्षां मी घरात बसलंय. सकाळी उठान काय करू ता कळाक नाय. खिडकीतसून येस्टी बघी. लोक इचारीत, कार्मेल, बरी आसंस? मी म्हणी, बरी आसंय. बरी खंय होतंय! हंय परत काय तरी फिरूक लागला, पांढरा काय तरी पडूक लागला, माका वाटला देवान परत बोलावल्यान. ता तू टेम्पोत घालतलंस? ह्या मशीन गेला तर मी परत तीच खिडकी बघू?"

 तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिने फुंकर मारून भुवया झटकल्या, चष्मा काढून फ्रॉकला पुसला आणि साध्या आवाजात म्हणाली, "वीस दीस आसत ना? पावडर माझ्या हातात दी. टेम्पो येय तोपर्यंत तोंडाक कोणी हात लावूचो नाय. तू पण नाय. जमला नाय तर मी स्वतः टेम्पोत चढवून देतंय."

मी दिली. देण्यासारखं माझ्याकडे दुसरं होतंही काय!

आता इथे तिने झटक्यात सगळं नीट केलं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. तिने पहिल्याच दिवशी माझ्याहून मोठा घोटाळा केला. ओल धरलेला रवा आपण भाजतो ना, तशी तिने अर्धा किलो पावडर घरी नेऊन मंद आचेवर कढईत भाजली. गोंदच तो. उलथनं फिरवेपर्यंत सगळ्याचा मिळून एक जाडजूड पांढरा पोळा झाला, उलथन्यासकट. संध्याकाळी ती कढई पिशवीत घालून आली, माझ्यापुढे ठेवली आणि स्टुलावर बसली.

"ह्या पीठ न्हय," म्हणाली. "ह्या लोणी आसा, पिठाचो झगो घालून इलेला. माका फसवल्यान."

 अकरा शर्टांवर तांदूळ चिकटवलेल्या माणसाने कढईबद्दल काय बोलायचं?

पण त्या पोळ्याने तिला एक गोष्ट शिकवली. हिला आग नको, नुसती ऊब हवी. मग ती पद्धतशीर लागली. संध्याकाळी काम संपलं की टाकीतली सगळी पावडर बाहेर काढायची, एक चिमूटही आत ठेवायची नाही. "गिरणीच्या तोंडात रातीचा पीठ ठेवणारी बाय मी न्हय." काढलेली पावडर तीनदा चाळायची. पहिल्यांदा मैद्याच्या चाळणीतून, मग दोनदा तिच्या लग्नाच्या झग्यावरच्या जाळीतून. होय, जाळी तिने कापली. मी नको म्हणालो तर म्हणाली, पास्कू काय परत विचारूक येवचो नाय. चाळणीत राहिलेले दोरे, कापडाची लव, गोळे फेकून द्यायचे. चाळलेली पावडर पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यांत, आणि झाकणाच्या आतून मलमलच्या पुरचुंडीत भाजलेला तांदूळ. तांदूळ शेवटी आलाच, पण पुरचुंडीत, आणि रोज नवा भाजलेला. रात्रभर डबे कपाटात, एका पेटत्या बल्बशेजारी. पेटी आतून रंगाऱ्याच्या सुक्या ब्रशाने झाडायची, नळी काढून आपटायची, फिल्मखालची हवा ओढणारी बारीक भोकं सुईने एकेक मोकळी करायची. शंभराच्या वर भोकं. ती मोजायची नाही. रोझरीचा जप म्हणत जायची. रोझरी संपली की भोकं संपायची.

चार दिवसांत दुपारचं काम आरशासारखं यायला लागलं. पण सकाळी पहिले दोन-तीन मीटर ठिपकेच ठिपके. पाचव्या दिवशीही तेच. मी मनातल्या मनात टेम्पोला दोर किती लागतील ते ठरवत होतो.

"डबो एक, पावडर एक, पाऊस एक," कार्मेलबाय कानाशी चिमूट चोळत म्हणाली. "मगे ही सकाळीच कित्याक रडता?"

सहाव्या दिवशी ती दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसली. शीतल आली, शटर वर केलं. कार्मेलबाय तिच्यामागून आत गेली आणि स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. शीतलने रोजच्यासारखं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. ओलं फडकं पिळून मशीन वरपासून खालपर्यंत पुसलं. हळदकुंकू लावलं. तांब्यातल्या पाण्यातून जास्वंदीचं फूल काढलं आणि भक्तिभावाने शेकरच्या झाकणावर, अगदी टाकीच्या फटीवर, ठेवलं. अगरबत्ती ओवाळली. नमस्कार केला.

मी तेवढ्यात पोचलो. कार्मेलबाय उठली, फुलाला हात न लावता झाकण कडेने उचललं, डब्यातली चिमूटभर सुकी पावडर आत टाकली आणि बोट फिरवलं. बाहेर आलं ते तुरीएवढा ओला गोळा घेऊन. तिने तो माझ्यापुढे धरला.

"शीतल, ह्या तुका कोणी शिकवल्यान गो?"

शीतलने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. मीच शिकवलं होतं. मशीन आलं त्या दिवशीच सांगितलं होतं की रोज सकाळी आधी स्वच्छ पुसायचं आणि मग पूजा, त्यात खंड नको. उन्हाळ्यात ते पाणी दहा मिनिटांत उडून जायचं. पावसाळ्यात ते पावडरीत जायचं. पाटील तीनदा आला आणि तिन्ही वेळा आंबोलीचा घाट उतरून दुपारीच पोचला. पूजा त्याने कधी बघितलीच नव्हती. आम्ही रोज सकाळी श्रद्धेने मशीन बिघडवत होतो आणि पावसाला शिव्या देत होतो.

शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं आता पूजा बंद. कार्मेलबायने तिचा हात धरला.

"रडतंस कित्याक? पूजा कर तू, सोडू नको. पण देवाक काय पाणीच लागता? माझ्या गिरणीत सायब होतो ह्या भिंतीर. एकतीस वर्षां तेका कोरडी फुलां वायलंय. तेणी एकदा पण तक्रार करूक नाय."

मग पूजेसाठी देवाचा फोटो समोरच्या भिंतीवर लागला. जिथे तिचा सायब, म्हणजे येशू, होता त्याच खिळ्यावर. ओलं फडकं दुकानातून हद्दपार झालं. फूल आदल्या संध्याकाळी तोडून टिपून ठेवायचं. पाणी शिंपडायचं ते पायरीच्या खाली. आणि पेटी उघडणाऱ्याने आधी हात धुवायचे, सुक्या पंच्याला पुसायचे आणि मग कार्मेलबायच्या गालाला लावून दाखवायचे. गाल हेच तिचं यंत्र. ओल असली तर ती डोळेसुद्धा न उघडता म्हणायची, "परत पूस."

दुसऱ्या सकाळचा पहिला मीटर स्वच्छ आला. मी फिल्म उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिलो.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे बंदरावर नारळ लढवतात. दोघांनी हातातले नारळ एकमेकांवर आपटायचे, ज्याचा फुटला तो हरला. हल्ली बायकांचे संघ असतात आणि पुरुषांपेक्षा त्यांनाच गर्दी जास्त. त्यातल्या चार संघांचे दोनशे टी-शर्ट माझ्याकडे आले. मी घेणार नव्हतो. कार्मेलबायने माझ्या वतीने घेऊन टाकले.

आणि पौर्णिमेच्या आधी चार दिवस पावसाने जी झोड उठवली, ती थांबेचना. भिंतींना घाम, कागद मऊ, आगपेटी पेटेना. गडद निळ्या कापडावर पिवळा नारळ आणि पांढरी अक्षरं, म्हणजे एक ठिपका जरी उडाला तरी लांबून दिसणार. सकाळी कार्मेलबायने डबा उघडला, चिमूट कानाशी नेली आणि चोळली.  तिने मान डोलावली. "बोलता हा. घाल."

शंभराव्या शर्टाच्या आसपास बाहेर टेम्पो थांबला. पाटील उतरला आणि त्याच्याबरोबर मशीन घेणारा. घाटात दरड येईल या भीतीने ते दोन दिवस आधीच निघाले होते. दोघे भिजलेल्या छत्र्या घेऊन थेट आत यायला लागले, तशी कार्मेलबाय वळूनही न बघता ओरडली, "छत्र्यो भायर!"

छत्र्या बाहेर राहिल्या. पाटील आत आला आणि दारातच थबकला. मशीन चालू होतं. फिल्म सरसर येत होती. त्याने एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला, नखाने कड खरवडली. मग खिडकीतून बाहेर पावसाकडे बघितलं. पुन्हा फिल्मकडे.

"मावशी, एसी बसवला काय ओ?"

"बसवलंय ना," म्हणाली आणि त्याच्यापुढे तांदळाची पुरचुंडी धरली.

पाटलाने ती हातात घेतली, वास घेतला आणि हसला नाही. हे मला त्याचं फार आवडलं. त्याने हात धुतले, पुसले आणि विचारलं, "दाखवता का मला?" कार्मेलबायने गाल पुढे केला. कोल्हापूरच्या त्या सहा फुटी माणसाने तिच्या गालाला हात लावून परीक्षा दिली, आणि नापास झाला. दुसऱ्यांदा पुसून आला तेव्हा तिने त्याला पेटीजवळ घेतलं.

मशीन घेणारा माझ्याकडे वळला. "बंद कधी करताय? सुटं करून चढवायला चार तास लागतील."

मी म्हटलं, "देत नाही मशीन."

तो चिडला. त्याचं चिडणं रास्त होतं. शब्द मी दिला होता आणि मीच मोडत होतो. तो जे बोलला ते सगळं मी ऐकून घेतलं. आयुष्यात मी इतकी बोलणी खाऊन इतका खूश कधी झालो नव्हतो. चहा न घेता तो गेला आणि रिकामा टेम्पो पावसात वळून घाटाच्या रस्त्याला लागला. पाटील मात्र गेला नाही. तो संध्याकाळच्या एसटीने गेला, खिशात चार पानं लिहून घेऊन.

मी कार्मेलबायकडे बघितलं. म्हटलं काहीतरी बोलेल. तिने भुवयांवर फुंकर मारली. या वेळी भुवयांवर खरंच पावडर होती, ती उडाली.

"शीतल," ती म्हणाली, "पुढची फिल्म लाव गो. अजून शंभर आसत."

दोनशेच्या दोनशे शर्ट गेले, एकावरही ठिपका नाही. पौर्णिमेला आम्ही तिघं बंदरावर गेलो. निळ्या शर्टांतल्या बायका बघून कार्मेलबाय लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती आणि मिळेल त्या बाईला धरून तिच्या छातीवरची अक्षरं तपासत होती. जिंकलेल्या संघाच्या बाईने तिलाही नारळ लढवायला बोलावलं. ढिगातून नीट निवडून, कानाशी हलवून, कार्मेलबाय ऐटीत उभी राहिली, आणि पहिल्याच ठोक्याला तिच्या नारळाची दोन भकलं झाली. सगळं बंदर हसलं. सगळ्यात मोठ्याने ती. "नारळातला माका काय कळणा नाय," ती ओरडून सांगत होती. "पिठातला विचारा!"

आणि लोक विचारायला लागले. पुढच्या जूनमध्ये पाटलाचा फोन आला, वेंगुर्ल्याला एक मशीन रडतंय, मावशींशी बोलू का? मग रत्नागिरी, मग गोव्यातून दोन. ती फोनवर आधी एकच विचारायची, "सकाळी काय करतास ता सगळा सांग. झाडू मारल्यापासून." निम्म्यांची दुखणी तिथेच सापडायची. एकजण मशीनशेजारी चहाची किटली ठेवायचा. एकाचं मशीन मोरीच्या दाराला लागून होतं. वेंगुर्ल्याच्या त्या माणसाने तर फोन ठेवायच्या आधी तिला विचारलं, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या? कार्मेलबाय म्हणाली, "पास्कूच्या." तो म्हणाला, बरं बरं, ऐकलंय नाव.

ती गेली गेल्या वर्षी, माघात, दोन दिवसांच्या तापाने. आदल्या शनिवारपर्यंत कामावर होती. चर्चमध्ये इतकी माणसं आली की आमचे भजनी मंडळाचे लोक बाहेर पायऱ्यांवर उभे राहिले. तिच्याशिवाय दुकान उघडताना अजून माझा जीव बारीक होतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली. कंपनीने कुडाळला किनारपट्टीच्या मेकॅनिकांचं शिबिर ठेवलं होतं, शिकवायला कार्मेलबाय. मी तिला गाडीने सोडलं. दुपारी एकला संपणार होतं म्हणून न्यायला परत गेलो. हॉलला काचेचं दार. आत कुणी खुर्चीवर नव्हतं. पंधरा-वीस शिकलेली पोरं, त्यांत दोन इंजिनियर, पाटील, कंपनीचा एक टायवाला साहेब, सगळे एका पेटीभोवती ओणवे झालेले, आणि मधोमध फुलाफुलांच्या फ्रॉकमधली कार्मेलबाय, कोपरापर्यंत पांढरी. आवाज ऐकू येत नव्हता. साहेबाने कानाशी चिमूट धरली होती आणि डोळे मिटले होते. ती त्याला मान हलवून सांगत होती, नाही, अजून नाही, परत ऐक.

मी काचेवर टकटक केलं आणि घड्याळ दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि तो पांढरा हात उंच करून खूण केली: थांब, मला काम आहे.

मी बाहेर त्यांच्या चपलांशेजारी बसून राहिलो. दीड तास. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाची वाट बघितलेली नाही.